अंगठ्याखालचा शिंपला

सदर : मामाची पेटी

भाचरांनो,

मागच्या वेळी पेटीतून होकायंत्र काढलं होतं. त्यावरची तुमची पत्रं वाचून झाली. ‘मामा, पेटीत अजून काय काय आहे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहेच. आज जी वस्तू दाखवणार आहे, ती खरं म्हणजे पेटीत मावतच नाही! ती आठ फूट लांब आहे. दोन तुकडे केले तरी चार चार फुटांचे होतात. म्हणून ती कपाटाच्या मागे, जुन्या धोतराच्या कापडाच्या पिशवीत उभी असते. पण आहे ती पेटीतल्या वस्तूंच्याच गोतावळ्यातली.

ती आहे गरवायची काठी. आमच्याकडे कोकणात गळाने मासे धरायला जाण्याला ‘गरवायला जाणं’ म्हणतात. आता तुमच्यापैकी काहींच्या घरी मासे खात नसतील. त्यांनी पान उलटू नये हं! ही गोष्ट माशांची थोडी आणि हाताची जास्त आहे.

काठी हातात घेतली, की पहिल्यांदा दिसते ती बुचाची मूठ. घामाने आणि खाऱ्या पाण्याने काळपट झालेली. त्या मुठीवर, बरोबर अंगठा टेकतो तिथे, नखाएवढा एक शिंपल्याचा तुकडा बसवलेला आहे. उजेडाकडे धरा, निळा दिसतो. जरा तिरका करा, हिरवा होतो. आणखी वळवा, मध्येच जांभळट झाक मारतो. पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘वा, काय शोभा आहे!’ पण हा तुकडा शोभेसाठी बसवलेलाच नाही. तो कशासाठी बसवलाय, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

२००७ सालची गोष्ट. मी तेव्हा मालवाहू बोटीवर बोसन होतो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. न्यूझीलंडच्या टाउरंगा बंदरात आमची बोट पाइनचे ओंडके भरायला लागली होती. (आपल्याकडे खोक्यांना आणि फळ्यांना वापरतात ना, ते पाइनचं लाकूड. त्यातलं पुष्कळसं अशा बोटींतून कांडला बंदरात उतरतं.) ओंडके भरायचं काम चार-पाच दिवस चालतं. पाळी संपली, की आम्हांला गावात फिरायला मोकळीक. असाच हिंडताना मला एक छोटंसं दुकान दिसलं. आत एक म्हातारा कारागीर बसला होता आणि गिऱ्हाइकाच्या मापाने मासेमारीच्या काठ्या बनवत होता.

मापाने काठ्या? तुम्हांला नवल वाटलं ना? मलाही वाटलं. पण विचार करा, सदरा बाजारातून तयार आणता येतो आणि शिंप्याकडे माप देऊन शिवूनही घेता येतो. तसंच हे. तयार काठी सगळ्यांना थोडी थोडी बसते. मापाची काठी एकालाच बसते, पण पुरती बसते.

माझ्या डोळ्यांपुढे लगेच आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. ते शिंपी होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले. मशीन बंद केल्यावर रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून गरवणं हाच त्यांचा विरंगुळा. काठी कसली, तर कुंपणातला बांबू तोडून केलेली. मनात आलं, आपण आप्पांसाठी एक झकास काठी करावी. म्हाताऱ्याला म्हटलं, “मला शिकवाल का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोसनचे हात दोराच्या कामाला सरावलेले असतात, ते त्याच्या लक्षात आलं असावं. म्हणाला, “शिकवतो. पण आधी सांग, ज्याच्यासाठी काठी करायची, त्याचा हात केवढा आहे?”

मी माझाच हात पुढे केला. “एवढाच असेल,” म्हटलं.

हे वाक्य लक्षात ठेवा, भाचरांनो. पुढे उपयोगी पडेल.

आता काठी कशी बनते ते पाहू. पूर्वी उत्तम काठ्या बांबूच्याच असत. पण अख्ख्या बांबूच्या नव्हेत. बांबू उभा चिरून त्याच्या सहा पट्ट्या काढायच्या. प्रत्येक पट्टी अशी तासायची, की तिचा छेद समभुज त्रिकोण व्हावा. मग सहाही पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. सहा समभुज त्रिकोण एकत्र आले की काय होतं? भूमितीची वही काढा! षट्कोन होतो. अशी षट्कोनी काठी चिवट, लवचीक आणि हलकी असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर अशा काठ्या करू लागले, तेव्हा ते बांबू कुठून मागवत असत माहीत आहे? आपल्या हिंदुस्थानातून! कलकत्ता बंदरातून जायचा म्हणून त्या बांबूला ते ‘कलकत्ता केन’च म्हणत. पुढे विसाव्या शतकात चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला ‘टोंकिन’ बांबू त्यांना जास्त पसंत पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्या आणि १९७० च्या दशकात कार्बन फायबरच्या.

आजची काठी म्हणजे मुळात एक पोकळ नळी. बुंध्याशी जाड, शेंड्याकडे निमुळती. ही नळी कारागीर कारखान्यातून आणतो. पण आणली आणि सुरू केलं, असं नाही. आधी तिचा ‘कणा’ शोधायचा. नळी गुंडाळून बनवलेली असते, त्यामुळे तिची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित ताठ असते. नळीचा बुंधा गुळगुळीत टेबलावर टेकवायचा, शेंडा एका हाताने धरायचा आणि मधे दुसऱ्या हाताने दाबून नळी हळूहळू फिरवायची. फिरता फिरता ती एका जागी आपोआप टुणकन उडी मारून स्थिरावते. तिथे खडूची खूण करायची. दोऱ्याच्या कड्या लावायच्या त्या या खुणेच्या हिशेबाने.

कड्या म्हणजे दोरा ज्यांतून ओवला जातो त्या. आतून चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या, म्हणजे दोरा घासून तुटत नाही. काठी जितके फूट, तितक्या कड्या आणि वर एक, असा साधारण हिशेब. बुंध्याकडची कडी मोठी, पुढे लहान लहान होत जाणारी. त्या आधी नुसत्या चिकटपट्टीने लावतात, दोरा ओवतात, शेंड्याला वजन बांधून काठी वाकवतात आणि पाहतात. दोरा काठीच्या वाकण्याबरोबर वळला पाहिजे. मधेच काठीला घासला किंवा फार दूर गेला, तर कड्या पुढेमागे सरकवायच्या. दोरा नीट वळला, तर ओढ साऱ्या काठीवर वाटली जाते. नाहीतर एकाच जागी ताण येतो आणि ऐन वेळी काठी कडकन मोडते.

मग कड्या पक्क्या करायच्या. स्क्रूने? छे! नळीला भोक पाडलं तर ती तिथेच मोडेल. कडीचे पाय कानशीने घासून उताराचे करायचे आणि त्यांवर नायलॉनचा बारीक दोरा, फेऱ्याला फेरा चिकटवून गुंडाळत जायचा. गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक फेऱ्यांखाली दाबायचं आणि शेवटचंही. जहाजावर दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून आम्ही असंच बांधतो. तुमच्या क्रिकेटच्या बॅटच्या दांड्यावर रबराखाली जो दोरा असतो, तोही असाच. हे मला येत होतं, म्हणून म्हाताऱ्याने मान डोलावली. मी खूश!

दोऱ्यावर दोन भाग समप्रमाणात मिसळून केलेलं पारदर्शक लुकण लावतात. ते मधासारखं घट्ट असतं आणि वाळायला कित्येक तास घेतं. तोवर काठी स्थिर ठेवली, तर ओघळून खाली थेंब लोंबतात. म्हणून काठी सतत, सावकाश फिरवत ठेवावी लागते. म्हाताऱ्याकडे त्यासाठी मिनिटाला पाचसात फेरे घेणारी मोटर होती.

आणि आता शिंपला!

न्यूझीलंडच्या समुद्रात ‘पाउआ’ नावाचा शिंपलेवाला प्राणी राहतो. कानाच्या पाळीसारखा त्याचा आकार. बाहेरून ओबडधोबड, खडकासारखा. आतून मात्र जणू मोराचा गळा! या जातीचा पाउआ न्यूझीलंडशिवाय कुठेच सापडत नाही. तिथल्या माओरी लोकांनी लाकडात कोरलेल्या मूर्तींच्या डोळ्यांत तो बसवला. आणि गंमत म्हणजे त्यांनी तो मासेमारीतही वापरला. ऑकलंडच्या संग्रहालयात मी त्यांचे जुने गळ पाहिले आहेत. लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्टीला आतून पाउआचं अस्तर, हाडाचा अणकुचीदार काटा, तो झाडाच्या तंतूंनी आवळून बांधलेला आणि मागे पिसांचा झुबका. होडीमागून हा गळ ओढला, की शिंपला पाण्यात लहान माशासारखा चमचम करतो. ‘कहावाई’ नावाचा मासा त्याला भक्ष्य समजून झडप घालतो. आमिष नाही, गांडूळ नाही, नुसती चमक! म्हणजे बघा, तो शिंपला सुंदर होता आणि कामाचाही होता.

ही चमक येते कुठून? तुम्हांला वाटेल, शिंपल्यात निळा रंग भरलेला असेल. पण शिंपला कुटून पूड केली, तर ती पांढुरकी, राखट निघते. निळा रंग गायब! शिंपल्याच्या आतल्या थरात चुनखडीच्याच जातीच्या पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. मधे मधे प्रथिनांचा त्याहूनही पातळ लेप, भिंतीत विटांमधे चुना असावा तसा. एकेक चकती साधारण अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. प्रकाशाच्या लाटाही जवळपास तेवढ्याच लांबीच्या असतात. वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही रंग जोर धरतात, काही विझतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात किंवा साबणाच्या फुग्यात रंग दिसतात, ते याच कारणाने. आपल्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या रंगांनी मोह घातला होता. १९३० च्या दशकात त्यांनी शिंपल्यांच्या चमकेवर अभ्यास करून निबंध लिहिले.

पण काठी गोल, शिंपला कडक आणि ठिसूळ. तो गोलाईवर बसवायचा कसा? दोन युक्त्या आहेत. एक, शिंपल्याच्या अरुंद अरुंद पट्ट्या कापून पिंपाच्या फळ्यांसारख्या शेजारी शेजारी बसवायच्या. दुसरी, शिंपला कागदासारखा पातळ चिरायचा. इतका पातळ झाला की तोही थोडासा वाकतो. मग काळ्या दोऱ्याच्या दोन गुंडाळ्यांमधे तो चिकटवायचा आणि वरून लुकणाचा थर द्यायचा. कापणं सोनाराच्या बारीक करवतीने, तेही ओलं ठेवून आणि नाकाला मास्क लावून. कारण शिंपल्याची धूळ फुप्फुसांत गेली तर फार वाईट. म्हातारा या बाबतीत एकदम कडक होता. मास्क नाही, तर करवत नाही!

चार दिवसांत मी जेवढं शिकता येईल तेवढं शिकलो. नळी, कड्या, बुचाच्या चकत्या आणि पाउआचे तुकडे विकत घेतले. निघताना म्हातारा म्हणाला, “एक ध्यानात ठेव. शिंपला मुठीच्या पुढे लाव. मुठीवर लावू नकोस.”

मी मान हलवली. आणि बोटीवर आल्यावर काय केलं? मुठीवरच लावला! पुढे लावला तर कुणाला दिसणार? सहा इंच मूठ मी शिंपल्याने मढवून काढली. वरून लुकणाचे तीन थर. मोटर नव्हती, म्हणून केबिनमधे रात्र रात्र जागून, पोळी उलटावी तशी ती काठी हाताने वळवत बसलो. काठी अशी झळकली, की आमच्या कॅप्टनसाहेबांनीसुद्धा हातात घेऊन पाहिली.

२००८ साली सुट्टीवर आलो आणि आप्पांच्या हातात काठी ठेवली. आप्पांनी ती खिडकीशी नेली. उलटसुलट केली. शिंप्याची नजर! एकेक दोऱ्याचा फेरा त्यांनी तपासला. म्हणाले, “काम सफाईचं आहे.” आप्पांच्या तोंडून एवढे शब्द म्हणजे मोठं बक्षीसच. गावातली पोरं, शेजारीपाजारी सगळे बघून गेले. माझी छाती फुगली.

आठवड्याभराने पाहतो, तर काठी भिंतीवर खिळ्याला टांगलेली आणि आप्पा बांबू घेऊन धक्क्याकडे निघालेले!

मला राग आला, भाचरांनो. खोटं कशाला सांगू? एवढी मेहनत, एवढा खर्च आणि त्याची ही किंमत? घुश्शातच मी आईला विचारलं. आई म्हणाली, “मला काय विचारतोस? त्यांच्याबरोबर एक दिवस जाऊन बस की.”

दुसऱ्या दिवशी मी नवी काठी घेतली आणि आप्पांना म्हटलं, “आज हीच.” ते काही बोलले नाहीत. धक्क्यावर बसले, गळ टाकला. ऊन कलतं होतं. अर्ध्या तासाने काठीचा शेंडा थरथरला आणि एकदम खाली गेला. तांबोशी असावी. आप्पांनी झटका दिला आणि काठी त्यांच्या हातातून साबणाच्या वडीसारखी निसटली! शेजारी बसलेल्या एका मुलाने झेप घेऊन ती पकडली, नाहीतर खाडीतच गेली असती. मासा अर्थातच गेला.

मी आप्पांच्या हाताकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं म्हणा ना. चाळीस वर्षं कात्री चालवलेला तो उजवा हात. सांधे सुजलेले. बोटं अर्धीच मिटत होती. तर्जनी तर वाकतच नव्हती. बांबू खडबडीत होता, म्हणून कसाबसा धरता येत होता. माझी काठी बारीक, गुळगुळीत. त्यात पाणी लागलं, की संपलंच.

“मग सांगितलं का नाही?” मी विचारलं.

आप्पा दोरा गुंडाळत होते. हळूच म्हणाले, “तू हौसेने केलंस.” मग थोड्या वेळाने विचारलं, “माप कुणाचं घेतलं होतंस रे?”

मला टाउरंगातलं ते दुकान आठवलं. आणि पुढे केलेला माझा स्वतःचा हात आठवला. मी गप्प बसलो.

घरी आल्यावर आप्पांनीच तोडगा काढला. आईकडून कणकेचा मोठा गोळा घेतला, तो काठीच्या दांड्याभोवती थापला आणि त्यांना जशी जमते तशी मूठ आवळली. हात काढला, तर कणकेत पाचही बोटं उमटलेली! मग त्यांनी आपली जुनी टेप काढली. कुठे किती घेर, ते मापलं. साधारण मुठीचा घेर तीन-सव्वातीन इंच असतो. आप्पांचा भरला साडेचार. माडीवरून गिऱ्हाइकांच्या मापांची वही आली. सगळ्या गावाची मापं होती तीत. त्यांत स्वतःचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं आणि पुढे आकडा टाकला : मूठ, ४॥.

माझा मात्र जीव खालीवर होत होता. कारण आता शिंपल्याची मूठ कापावी लागणार होती. मी कापली. सुरीने, करवतीने, जपून. रात्र रात्र जागून केलेलं काम अर्ध्या दिवसात वर्तमानपत्रावर तुकडे होऊन पडलं. (मास्क लावला होता हं!)

पुढच्या फेरीत बुचाच्या मोठ्या चकत्या आणल्या. बूच हे एका ओकच्या झाडाची साल असते. पोर्तुगालमधे ही झाडं सर्वांत जास्त. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात आणि मग दर नऊ वर्षांनी. झाड तोडावं लागत नाही. बूच ओलं झालं तरी हातातून फारसं निसटत नाही आणि थंडीत हाताला गार लागत नाही. चकत्या ओवून, चिकटवून, कणकेच्या मापाने कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून मूठ तयार केली. कुरूप दिसत होती. दुधी भोपळ्यासारखी! काठीचा तोल पुढे जात होता, म्हणून बुंध्याच्या टोकात थोडं शिसं घातलं. तेव्हा ती एका बोटावर आडवी ठेवता येऊ लागली. तोल साधला, की दुखऱ्या मनगटाला काठी अर्ध्या वजनाची वाटते.

आणि शेवटी आप्पाच म्हणाले, “अरे, तो शिंपल्याचा एखादा तुकडा उरलाय का?”

झालं होतं असं, की अंधार पडला की त्यांना काठी फिरून गेलेली कळत नसे. रीळ आणि कड्या खालच्या अंगाला राहायला हव्यात. त्या बाजूला वळल्या, की दोरा घासतो. डोळे अधू, बोटं बधिर. म्हणाले, “अंगठ्याखाली काहीतरी गार लागलं, की मला कळेल.”

शिंपी तो शिंपी! शिंपला बुचापेक्षा नेहमी गार लागतो. दोघांचं तापमान एकच असतं, पण शिंपला हाताची ऊब भराभर ओढून घेतो, बूच घेत नाही. मी शिसवी लाकडाच्या छोट्या चकतीत नखाएवढा पाउआ बसवला आणि ती चकती मुठीच्या वरच्या अंगाला, बरोबर अंगठ्याखाली, बुचाच्या पातळीत बसवली. अंगठा गार, म्हणजे कड्या खाली! मग अंधार असो, नाहीतर डोळे मिटलेले असोत.

पहिल्या संध्याकाळी काहीच लागलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी एक शिंगाळा मिळाला, तोही हातभर नव्हे, वीतभर. पण काठी हातातून सुटली नाही. पुढे आठ वर्षं आप्पा त्याच काठीने गरवत होते. बांबू परसात वालाच्या वेलाला आधार म्हणून गेला.

आता आप्पा नाहीत. काठी माझ्याकडे आहे. मी ती धरून पाहतो, तेव्हा माझी बोटं तिच्या खाचांत बसत नाहीत. बरोबरच आहे. ती माझ्या मापाची नाहीच मुळी.

आता तुमच्या कामाचं.

पहिली गोष्ट : ही वाचून शिंपले गोळा करायला धावू नका. जिवंत प्राणी असलेला शंख-शिंपला कधीही उचलायचा नाही. न्यूझीलंडमधे बहुतेक भागांत पाउआ किमान १२५ मिलिमीटरचा असल्याशिवाय काढता येत नाही आणि हौशी लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून तर तो काढायलाच बंदी आहे. स्वतःच्या दमावर बुडी मारायची, तरच. अमेरिकेत त्याच्या भाऊबंदांपैकी पांढऱ्या जातीचा इतका उपसा झाला, की २००१ साली ती नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत घालावी लागली. कॅलिफोर्नियात तांबड्या जातीची हौशी मासेमारी २०१८ साली बंद झाली. आपल्याकडेही २००१ पासून काही शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरचे रिकामे शंखही सगळे उचलू नयेत. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना ती घरं लागतात. तिसऱ्यांचे, शिणाण्यांचे शिंपले मात्र तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात आयते मिळतील.

दुसरी गोष्ट, एक प्रयोग : तिसरीच्या शिंपल्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे येतील. ती चुनखडी विरघळते आहे आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आहे. म्हणूनच शिंपल्याची वस्तू लिंबाने किंवा चिंचेने घासू नये.

तिसरी गोष्ट, एक काम : पेन्सिल आणि शिवणाचा जाड दोरा घ्या. दोऱ्याचं टोक पेन्सिलीवर आडवं ठेवा आणि त्याच्यावरूनच फेरे घ्या. दोरा फिरवू नका, पेन्सिल फिरवा. दहा-बारा फेरे झाले, की दुसऱ्या एका दोऱ्याचा फास करून पेन्सिलीवर ठेवा. फासाचं डोकं पुढच्या बाजूला, म्हणजे ज्या दिशेने फेरे पुढे जाताहेत तिकडे. त्याच्यावरून आणखी सहा-सात फेरे घ्या, दोरा कापा, त्याचं टोक फासात घाला आणि फासाची मागची दोन टोकं ओढा. शेवटचं टोक आपोआप फेऱ्यांखाली जाईल. गाठ नाही, काही नाही, तरी सुटणार नाही! पहिल्या खेपेला सुटलं, तर दुसऱ्यांदा करा. माझंही सुटलं होतं.

आणि जमलं, की ती पेन्सिल घरातल्या कुणालातरी द्या. आजीला, धाकट्या भावाला, वर्गातल्या मित्राला. पण द्यायच्या आधी त्यांच्या हातात पेन्सिल देऊन पाहा, की ती ते नेमकी कुठे धरतात. दोऱ्याची गुंडाळी तिथे करायची. तुमच्या बोटांना बरी वाटते तिथे नाही!

कुणाच्या हाताचं माप कसं घेतलंत, ते मला जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात पेटीतून एक पितळी शिट्टी काढणार आहे. ती वाजवली, की वीस माणसं एकदम दोर ओढायला लागतात!

तुमचा,
बोटीवरचा मामा